ईस्टरच्या ताटात नाचणीची भाकरी

माझ्या पोरीला, वंदनाला, तुझ्या घरात जागा तू दिलीस, नातालबाय. हे पहिलं लिहून ठेवतो. पुढे जे लिहायचं आहे त्यात माझी लाजच जास्त येणार, आणि त्या गडबडीत तुझं नाव मागे पडायला नको.

तुला मातीत ठेवून अजून महिना झाला नाही. बेकरीत तुझं स्टूल खिडकीपाशी तसंच आहे. परवा कोणीतरी त्यावर मैद्याची गोण टाकली होती. मी बोललो काही नाही, नुसती उचलून खाली ठेवली. मला बोलणं वेळेवर येत नाही हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?

शाळा सातवीतून सोडून मी मुरबाडहून मुंबईला आलो, तेव्हा भट्टीवरच्या माळ्यावर झोपायचो आणि दिवसभर कोणाशी एक शब्द बोलायचो नाही. कोणी हिंदी बोले, कोणी कोंकणी. मला दोन्ही कळत नव्हतं. काजू दळायचं काम दिलं होतं, मान खाली घालून दळायचो. एक दिवस मागून आवाज आला, "काय रं, जेवलास का नाय?" मला वाटलं पाड्यावरचं कोणी शोधत आलं. वळून बघतो तर झगा घातलेली, गळ्यात क्रूस असलेली बाई. हातात साखरेच्या फुलांचा ट्रे. मी बघतच राहिलो. तू म्हणालीस, "बघतोस काय? आमी हितलेच. तुझ्या मुरबाडवाल्यांच्या आधीपासून हाय मुंबईत." मग नाव विचारलंस. काळूराम म्हटल्यावर हसलीस, "नावासारखाच हायेस की."

मुंबईत पहिल्यांदाच मला घरच्या बोलीत कोणीतरी चिडवलं होतं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

ईस्टरच्या आधी आपल्याला मान वर करायला फुरसत नसायची. मी काजू आणि साखर वाटून गोळा करायचो, साच्यात दाबून अंड्याची अर्धी अर्धी कवचं काढायचो, तू ती जोडायचीस आणि आयसिंग भरलेल्या कागदी कोनातून वर फुलं, पानं, पोरांची नावं सोडायचीस. पण तुझा उपासाचा काळ असायचा, गोड वर्ज्य. साखरेत कोपरापर्यंत बुडालेली बाई, पण बोट चाटायची नाही. "काळू, तू खाऊन सांग, गुलाबपाणी जास्त झालंय का." मी सांगायचो बरोबर आहे. "नुसतं बरोबर काय रं? नीट सांग. तुझ्या जिभेवर माझी अब्रू हाय." मी पुन्हा खायचो. माझ्यासारख्याच्या जिभेवर कोणाची अब्रू असू शकते, हे मला तेव्हा खरं वाटत नसे. अजूनही फारसं वाटत नाही.

मग अशी बरीच वर्षं गेली, आणि एका पावसाळ्यात तुझा पोरगा रॉक मोटारसायकलच्या अपघातात गेला. एकुलता एक. तू काळा झगा घातलास आणि थोड्या दिवसांत कामावर आलीस. हात तसाच स्थिर. एक पाकळी वाकडी गेली नाही. सगळे म्हणाले, बाई धीराची. पण तुझी नणंद आग्नेस, तुझा नवरा गेल्यावरही तुझ्याच घरी राहिलेली, जिने लग्न न करता रॉकला अंगाखांद्यावर वाढवला, ती मला बेकरीच्या दारात गाठून म्हणाली, "ती जेवत नाय रं. ताट वाढते, माझ्यासमोर बसते आनि उठते. चहात पाव बुडवते, तेवढ्यावर चाललंय." एवढं सांगून लगेच दरडावलं, "तिला सांगशील तर बघ."

मी सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

त्याच वर्षी माझी वंदना चौथीत होती. पाड्यावरची शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा ओढ्यापलीकडे, आणि पावसाळ्यात तो ओढा कोणाला ओलांडू देत नाही. माझी शाळा त्याच ओढ्याने अशी तुटक तुटक करत शेवटी संपवली होती. मी तुला काहीच मागितलं नव्हतं, फक्त साचे पुसता पुसता सांगितलं होतं. तू कोन खाली न ठेवता म्हणालीस, "आमच्याकडं ठेव. खोली रिकामीच हाय." रिकामी का आहे ते आपल्या दोघांनाही माहीत होतं. मग म्हणालीस, "पन घर आग्नेसचंबी हाय. तिला पोर आवडली पायजे. ईस्टरला घेऊन ये. जेवायला या सगळी."

शिमग्याला घरी गेलो तेव्हा आयेला सगळं सांगितलं. ईस्टर म्हणजे काय हे मला जेवढं कळलं होतं तेवढं सांगितलं, की त्यांचा देव शुक्रवारी मरतो आणि रविवारी उठतो. आये चुलीपुढे बसून ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "आनि देवाला आई हाय?" मी म्हटलं, हाय, मेरी नाव तिचं. आये म्हणाली, "मंग ठीक." मला वाटलं विषय संपला.

शनिवारी पोरं सापगावला माझ्या मेव्हण्याकडे उतरली, आणि रविवारी सकाळी मेव्हण्याने ती मुंबईत माझ्या हवाली केली. वंदना आणि बहिणीचा पांडू. पांडूला एकट्याला मागे ठेवलं तर तो रडून पाडा डोक्यावर घेतो, म्हणून आला. वंदनाच्या काखेत एक गाठोडं होतं. मला वाटलं कपडे. रस्ताभर मी तिला पढवत होतो. कशाला हात लावायचा नाय. विचारल्याशिवाय बोलायचं नाय. वाढलं तर एकदाच घ्यायचं. जोरात हसायचं नाय. तिने शेवटी विचारलं, "बा, श्वास घेऊ का?"

तुम्ही देऊळ म्हणता त्या चर्चच्या दारात मी थांबलो होतो. आत नवे कपडे घातलेली एवढी माणसं. तू काळ्या झग्यात बाहेर आलीस आणि मनगट धरलंस. "तू दारात रखवालदार हायेस का? चल." मी म्हटलं, मागं बसतो. तू म्हणालीस, "मागं बसून पोरांना लोकांच्या पाठी दाखवनार हायेस?" आणि ओढत नेलंस पार पुढे. मोठी मेणबत्ती जळत होती, फुलांत देवाची मूर्ती उभी, हातात झेंडा. पांडूने ती बराच वेळ निरखली आणि सगळं देऊळ गप्प असताना विचारलं, "मामा, परवा मेला ना ह्यो? मंग इतका धडधाकट कसा?" पुढच्या बाकावरच्या माणसांचे खांदे हलायला लागले. तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. नंतर कळलं की तू रुमाल तोंडात धरला होतास, हसू दाबायला. रॉक गेल्यानंतर तू पहिल्यांदा हसलीस, असं आग्नेसच म्हणाली, तेही रागानेच.

घरी वसईहून तुझ्या माहेरची माणसं आली होती, तुला सणाच्या दिवशी एकटं वाटू नये म्हणून. लांब टेबल. मटण, मैद्याचे तळलेले फुगे, लोणचं, आपल्या बेकरीची अंडी. सगळी जणं मोठमोठ्याने बोलत होती, आणि रॉकचं नाव कुठेही येऊ नये म्हणून किती जपत होती ते मला माझ्या कोपऱ्यातून दिसत होतं. आग्नेस वाढत होती आणि वंदनाकडे तिरक्या डोळ्याने बघत होती. बघू दे, मी मनात म्हणत होतो, गप्प बसली आहे, चांगली बसली आहे. पांडूला तू अंडं दिलंस, वर त्याचं नाव घातलेलं. तो ते खाईना. का खात नाहीस विचारलं तर म्हणाला, "घरी खुडूक कोंबडी हाय. तिच्याखाली ठेवनार." सगळं टेबल हसलं. आग्नेससुद्धा हसली. मला वाटलं, जमलं. पोरीची सोय झाली.

तेवढ्यात वंदना खुर्चीवरून उतरली.

गाठोडं सोडलं. आत नाचणीच्या भाकरी, कालच्या, आणि लसणाची चटणी पानात बांधलेली. मला एका क्षणात सगळं कळलं. आमच्याकडे घरात मयत झालं की चूल पेटत नाही. सोयऱ्यांच्या घरून भाकरी येते, आणि बाहेरचं कोणीतरी त्या घरातल्या बाईला पहिला घास आपल्या हाताने भरवतं. कडू घास म्हणतात त्याला. तो घास पोटात गेल्याशिवाय घर पुन्हा जेवायला लागत नाही. आयेने शुक्रवारी देव मेला एवढंच धरलं होतं. सुतकाच्या घरी पोरं रिकाम्या हातांनी कशी पाठवायची? म्हणून तिने भाकरी थापल्या होत्या, आणि मला कळू दिलं नव्हतं, कारण मी नको म्हणालो असतो. मला ती चांगली ओळखत होती.

वंदनाने तुकडा मोडला, चटणीला लावला, आणि तुझ्या खुर्चीपाशी जाऊन हात वर केला. "आजी, कडू घास घे."

कोणाला काही कळेना. कोणीतरी विचारलं, काय गं ते? तिने शहाण्यासारखं सांगितलं, मयताच्या घरी देतात. टेबलावरचं हसू तिथेच विरलं. आग्नेसच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. "अगो, आज देव उठलाय. सनाच्या दिवशी मयताचा घास? कोनी शिकवलं तुला?"

आणि मी उठलो. भाकरी तिच्या हातातून ओढली. सगळ्यांकडे बघून म्हणालो, "माफ करा. आमची मान्सं अडाणी हायेत. जंगलातली. त्यांना काय कळत नाय."

आमची माणसं. म्हणजे माझी आये. म्हणजे ती पोर, जिला मी सकाळपासून तोंड उघडू दिलं नव्हतं.

वंदना माझ्याकडे बघत नव्हती. ती तुझ्याकडेच बघत होती. रडत नव्हती. म्हणाली, "आमची आजी म्हनली, देव उठला तरी त्याच्या आईला मधल्या दिवसांत कोनी जेवाया घातलं नसंल."

नातालबाय, तेव्हाचा तुझा चेहरा मी कोणाला सांगितलेला नाही. इथेही सांगत नाही. तू माझ्या मुठीतून ती भाकरी काढून घेतलीस, एकेक बोट सोडवून, आणि वंदनाच्या हातात परत दिलीस. तोंड उघडलंस. तिने घास भरवला. तू चावलीस, आणि चावता चावता रडायला लागलीस, आवाज करून, सगळ्यांसमोर. रॉकचं नाव घेतलंस. तुझी भावजय उठायला लागली तर तू हाताने तिला बसवलंस आणि वंदनाला म्हणालीस, "अजून दे." ती देत गेली, तू खात गेलीस. पांडू मध्येच म्हणाला, "मनाबी भूक लागली," तेव्हा त्यालाही दिलीस.

मग तू म्हणालीस, "आग्नेस, तूबी घे. तुझाबी होता तो."

आग्नेस स्वयंपाकघरात निघून गेली. दार लावून घेतलं.

मी तिकडे बघत बसलो. माझ्या मनात तुझं रडणं नव्हतं हे सांगताना आजही मान वर होत नाही. माझ्या मनात एवढंच होतं, की गेली पोरीची जागा. त्या दारासरशी गेली.

दुपारी पोरांना घेऊन निघालो, तेव्हा तू गल्लीच्या तोंडापर्यंत आलीस. मला वाटलं समजूत घालशील. तू विचारलंस, "माफी कोनाची मागितलीस रं?" मी म्हटलं, पाहुण्यांची. "कशाबद्दल?" मी पांडूच्या सदऱ्याचं बटण लावायला लागलो. "जिनं भाकरी केली ती अडानी, आनि तू शहाना? भट्टीपुढं बसून शहाना झालास?" मी म्हटलं, बाय, मला लाज वाटली. तू म्हणालीस, "ते दिसलं. कोनाची वाटली ते इचारते मी."

हा आपला वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. काजू दळताना, साचे धुताना, तुझा चष्मा जाड झाल्यावर, तुझा हात कापायला लागल्यावरही. मी म्हणायचो, लोकांची वाटली. तू म्हणायचीस, खोटं. मी म्हणायचो, पोरीच्या काळजीने तोंडातून गेलं. तू म्हणायचीस, अर्धं खरं. उरलेलं अर्धं तू माझ्याकडून कधी वदवून घेतलं नाहीस, आणि मीही आपणहून बोललो नाही. आता बोलतो. मला आयेचीच लाज वाटली होती. तिच्या हाताच्या काळ्या भाकरीची. तुझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर ती ठेवलेली बघवेना.

जूनच्या आधी आग्नेस बेकरीत आली. मी उठून उभा राहिलो. ती माझ्याकडे न बघता खारी निवडत म्हणाली, "पोरीचा शाळेचा दाखला आनलास का? का तोबी जंगलातच ठेवलास?" तिने खारी परत ठेवली. "आनि तिला सांग, माझ्या घरात सनाच्या दिवशी मयताचं काय चालनार नाय. बाकी काय पन कर म्हनावं." त्या दारामागे तुम्हा दोघींत काय बोलणं झालं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तूही सांगितलं नाहीस. वंदना तुझ्याकडे राहिली, शिकली, आज शिकवते. आग्नेसने तिच्या वेण्या ओढून घातल्या आणि तू तिला रात्रीच्या जेवणाला कधी एकटं बसू दिलं नाहीस. तूही तिच्याबरोबर जेवायला लागलीस. हे मी तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही, पण बघत होतो.

आये म्हणायची, "त्या बाईला आपल्या म्हसा गावच्या जत्रेला आन की रं. एकदा बघू दे मना." तू म्हणायचीस, "तुझ्या आयेला भेटायचं हाय. तिच्या चुलीपुढं बसायचं हाय." आणि मी दोघींनाही पुढल्या वर्षावर टाकत गेलो. तुला सांगायचो, जीपने अंग खिळखिळं होतं. आयेला सांगायचो, बाईला सुट्टी नाही. खरं म्हणजे आमच्याकडे बसायला खुर्ची नव्हती, दारात शेणाचा सडा, संडास नाही. तू कुठे बसशील, कुठे जाशील, हाच विचार. घरी खुर्ची आली तेव्हा आये नव्हती. ती गेल्याचा निरोप आला तेव्हा तू बेकरीत माझ्या शेजारी उभी राहिलीस, मला निघायला सांगितलंस, आणि विचारलंस, "आता तरी येऊ का?" मी म्हटलं, बाय, त्रास होईल तुला. तू परत कधी विचारलं नाहीस. मी त्या दिवशी हो म्हणालो असतो तर, हे मी आता किती वेळा मनात घोळवू?

शेवटी तू अंथरुणाला खिळलीस. वंदना रोज यायची, मी रविवारी. एका रविवारी आग्नेस बाहेर गेली असताना तू म्हणालीस, "काळू, घर कागदावर माझ्या एकटीचं हाय, मी गेल्यावर वसईवाले ते विकतील. आग्नेसला आश्रमात घालतील. तिला आश्रमात झोप नाय येनार रं, तिला दुसऱ्याच्या हातचा चहाबी चालत नाय." एवढंच. तू काही मागितलं नाहीस. मी पंख्याकडे बघत बसलो. हो म्हणालो नाही. मला शब्द द्यायची भीती वाटते, तो मोडेल म्हणून. तू डोळे मिटून घेतलेस, आणि मला बरं वाटलं की तू वाट बघत नाहीस.

वसईवाले परवा येऊन गेले. घर बघून, भिंती ठोकून. आग्नेस त्यांच्या मागून प्रत्येक खोलीत जात होती. मी निघालो तेव्हा दारात म्हणाली, "तुझं शहापूरचं घर झालं का बांधून?" मी म्हटलं, दोन खोल्या झाल्यात. मेव्हण्याच्या सापगावच्या अलीकडे. "तिकडं पाव मिळतो का चांगला?" मी म्हटलं, बरा मिळतो. "बरा म्हंजे कसा? मऊ का चिवट?" मी म्हटलं, चिवट. ती म्हणाली, "तुमच्या लोकांना काय करता येत नाय." आणि दार लावून घेतलं.

ती माझ्याकडे जागा विचारत होती हे मला रस्त्यावर आल्यावर समजलं.

बायकोला अजून बोललो नाही. तिची आई आमच्याकडे असते, खोल्या दोनच, आणि आग्नेसचा स्वभाव तुला माहीत आहे, ती पहिल्या दिवशी चुलीची जागा बदलायला सांगेल. तिला घेऊन आल्यावर शेजारपाजारचे काय म्हणतील याचाही विचार मनात येतो, तो येतो हे तुझ्यापासून लपवून काय उपयोग? पण तुझ्या घरात आग्नेसचा राग आणि माझी पोर, दोन्ही एका छपराखाली राहिली, ती तू ठेवलीस म्हणून. तेव्हा तुला सोपं गेलं असेल असं मला कधी वाटलं नाही.

म्हणून इथे लिहून देतो, नातालबाय, तोंडी शब्द मला पेलत नाही. घर विकायच्या आत मी आग्नेसला आमच्याकडे राहायला येशील का म्हणून विचारीन, दारात उभं राहून नाही, आत जाऊन, तिच्या समोर बसून. ती नाही म्हणाली तर पुन्हा विचारीन. सापगावला बेकरी नाही. मला पाव करता येतो. तुझं माझ्यावर जे आहे ते मी तुला देऊ शकत नाही, पण तिला देईन, आणि एक दिवस सगळं फेडीन.